उपग्रहाचं रडार आणि समुद्राचा प्रवाह : बेळगाव-खानापूर-कारवार पट्ट्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर वेंगुर्ल्याला समुद्रात उतरते. दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. समुद्र मोजण्याच्या कामात या योगायोगाचा फार उपयोग होतो. तो कसा, ते पुढे येईलच.

उपग्रहाला पाणी वाहताना दिसतं का?

नाही. रडार सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं, एवढंच. प्रवाह त्यातून हिशेबाने काढावा लागतो आणि त्याच्या मुख्य वाटा दोन. एक, समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजायची आणि त्याच्या उतारावरून वेग काढायचा. दुसरी, परत आलेल्या लहरींच्या वारंवारतेत किती फरक पडला ते पाहायचं, म्हणजे डॉप्लर. पहिली वाट १९९२ पासून रुळलेली आहे आणि रोजच्या वापरात आहे. दुसरी अवघड आहे, पण किनाऱ्याजवळ आणि लहान क्षेत्रात आशा आहे ती तिच्याकडूनच.

उंचीवरून वेग कसा निघतो? पाणी तर उताराने खाली वाहायला हवं.

मलप्रभेत तसंच होतं. समुद्रात मात्र प्रवाह शेकडो किलोमीटर पसरलेला असतो आणि दिवसेंदिवस चालतो, त्यामुळे पृथ्वीचं फिरणं आड येतं. पाणी उताराने निघतं, उत्तर गोलार्धात उजवीकडे वळत जातं आणि शेवटी उताराला आडवं वाहू लागतं. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला पाणी उंच असतं. याला जिओस्ट्रॉफिक प्रवाह म्हणतात.

सूत्र साधं आहे : वेग = (गुरुत्वत्वरण ÷ कोरिऑलिस गुणक) × उतार. कोरिऑलिस गुणक म्हणजे त्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम किती, तो आकडा. कारवारच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १४.८ अंशांवर, कोरिऑलिस गुणक ०.००००३७ प्रतिसेकंदच्या आसपास येतो. १०० किलोमीटरमध्ये पाणी १० सेंटिमीटर चढत असेल तर प्रवाह सुमारे २६ सेंमी/से. हाच उतार ४५ अंशांवर असेल तर वेग साडेनऊ सेंमी/सेच भरतो. आपल्याकडे छोट्या उतारालाही मोठा वेग निघतो, म्हणून उंचीतली छोटी चूकही वेगात मोठी होऊन बसते. विषुववृत्ताकडे जाल तसा गुणक शून्याकडे सरकतो. साधारण पाच अंशांच्या आत हे सूत्र वापरू नये.

समुद्राची पातळी सेंटिमीटरपर्यंत खरंच मोजता येते? लाटाच मीटर-दोन मीटरच्या असतात!

येते, कारण एक माप कित्येक चौरस किलोमीटर पाण्यावरच्या हजारो रडार स्पंदांची (पल्सची) सरासरी असतं. त्यात लाटा एकमेकींना खोडतात. टोपेक्स-पोसायडन (१९९२), मग जेसन मालिका आणि २०२० च्या नोव्हेंबरात गेलेला सेंटिनेल-६ या सगळ्यांची पद्धत एकच : १,३३६ किलोमीटर उंचीवरून खाली स्पंद सोडायचे. जाऊन-येऊन वेळ लागतो सुमारे ८.९ मिलिसेकंद. उंचीतला एक सेंटिमीटर म्हणजे वेळेतले ६७ पिकोसेकंद.

खरी मेहनत दुरुस्त्यांत आहे. कोरड्या हवेमुळे स्पंदाला उशीर होतो आणि तेवढ्यानेच अंतर २.३ मीटर जास्त भरतं. ही दुरुस्ती हवेच्या दाबावरून नीट काढता येते. बाष्पाची दुरुस्ती त्याहून छोटी, पण लहरी : कोरड्या हवेत काही सेंटिमीटर, पावसाळी हवेत ३०-४० सेंटिमीटरपर्यंत. ती काढायला उपग्रहावर वेगळा रेडिओमीटर लागतो. लाटांच्या खळग्यांतून प्रतिध्वनी शिखरांपेक्षा जास्त येतो, म्हणून लाटांच्या उंचीच्या काही टक्के जोडावे लागतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर फुगतं. वर भरती-ओहोटी काढायची. एवढं सगळं वजा झाल्यावर जे दहा-वीस सेंटिमीटर उरतात, त्यात प्रवाह असतो.

‘जिऑइड’ची भानगड काय आहे?

समुद्र पूर्ण शांत असता तरी त्याचा पृष्ठभाग सपाट नसता. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान असमान असल्यामुळे त्याला चढ-उतार असतातच. जगातला सगळ्यात खोल खळगा आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे : शंभर मीटरहून जास्त. तिथे पाणी धावत जात नाही, कारण गुरुत्वाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग समतलच आहे. या समतल पृष्ठभागालाच जिऑइड म्हणतात आणि प्रवाह दाखवणारी उंची त्याच्या वर मोजायची असते. ग्रेस (२००२) आणि गोचे (२००९ ते २०१३) या उपग्रहांनी हे काम बरंच सोपं केलं.

इथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते. डेटाच्या फायलीत दोन उंच्या असतात : एक दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक आणि दुसरी जिऑइडपासूनची पूर्ण उंची. पहिलीवरून काढलेला वेग म्हणजे नेहमीच्या प्रवाहापेक्षा आज किती वेगळा, एवढंच. पूर्ण प्रवाह हवा असेल तर दुसरी घ्या. नकाशे दिसायला सारखेच छान येतात, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

हे आकडे गोवा-कारवारच्या किनाऱ्याला लागून का चालत नाहीत?

तीन कारणं. अल्टिमीटर (उंची मोजणारं रडार) फक्त पायाखालच्या रेषेवर मोजतो आणि जेसनच्या मार्गात लगतच्या दोन रेषांमध्ये विषुववृत्तावर ३१५ किलोमीटर अंतर असतं. त्याच रेषेवर परत यायला दहा दिवस लागतात. मधली जागा गणिताने भरलेली असते. दुसरं, बाष्प मोजणाऱ्या रेडिओमीटरचा ठसा (एका वेळी त्याला दिसणारी जागा) मोठा असतो. किनारा २५-५० किलोमीटरवर आला की त्यात जमीन शिरते. तिसरं, स्पंदाच्या ठशात खडक, बेटं आणि खाडीचं आरशासारखं शांत पाणी आलं की प्रतिध्वनीचा आकारच बिघडतो.

इस्रो आणि फ्रान्सच्या सीएनईएसचा सरल उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्यावरच्या अल्टिकाची वारंवारता ३५.७५ गिगाहर्ट्झ, म्हणून ठसा लहान आणि किनाऱ्याजवळचं माप त्यामानाने चांगलं. पण इतक्या उंच वारंवारतेला पाऊस सहन होत नाही. जोराच्या सरीत माप गळतं.

स्वॉट उपग्रहाने हे प्रश्न सुटले का?

बरेचसे. १६ डिसेंबर २०२२ ला गेलेल्या स्वॉटवर १० मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. दोन्हींवर आलेल्या लहरींच्या कलेतल्या (फेजमधल्या) फरकावरून तो उंचीचा अख्खा नकाशा काढतो : डावीकडे ५० किलोमीटर, उजवीकडे ५० किलोमीटर, मध्ये २० किलोमीटरची फट. पण तीच जागा परत दिसायला २१ दिवस लागतात आणि दहा-पंधरा किलोमीटरचा भोवरा तेवढ्यात कुठल्या कुठे गेलेला असतो. शिवाय इतक्या लहान आकारात उंचीचे सगळेच चढ-उतार प्रवाहाचे नसतात. पाण्याच्या पोटात चालणाऱ्या अंतर्लहरीही पृष्ठभाग उचलतात. त्यांना जिओस्ट्रॉफिक सूत्र लावलं की नसलेला प्रवाह निघतो.

डॉप्लरने थेट वेग मोजतात तो कसा?

टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर गाडी पुढून जाताना भोंग्याचा सूर जसा उतरतो, तत्त्व तेच. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ५.४०५ गिगाहर्ट्झवर चालतं, तरंगलांबी ५.५५ सेंटिमीटर. ते खाली नव्हे, तिरकं बघतं. ३५ अंशांच्या आपतन कोनाला (उभ्या रेषेपासूनच्या तिरकेपणाला) पाणी रडारच्या दिशेने ५० सेंमी/से वेगाने सरकत असेल तर वारंवारतेत फरक पडतो फक्त दहा हर्ट्झ. उलट बाजूने : एक हर्ट्झ म्हणजे क्षितिजसमांतर ४.८ सेंमी/से. हा आकडा लिहून ठेवा, पुढे सारखा लागतो.

मुश्किल ही की खुद्द उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळत असतो. अँटेनाची नजर ठरलेल्या दिशेपासून एका अंशाच्या शंभराव्या भागाने जरी चुकली तरी ४७ हर्ट्झचा फरक येतो, म्हणजे सव्वादोन मी/सेचा प्रवाह, जो मुळात नाहीच. दहा सेंमी/सेपर्यंत अचूक मोजायचं तर नजर अंशाच्या दहा-हजाराव्या भागांत माहीत हवी. उपग्रहाचे तारे पाहून दिशा ठरवणारे कॅमेरे, अँटेनाच्या शेकडो छोट्या प्रेषक-ग्राहकांचं तापमान, त्यातला एखादा बंद पडणं या सगळ्याचा परिणाम इथे येऊन साचतो.

मग शून्य कुठून आणायचं?

जमिनीवरून. जमीन वाहत नाही, म्हणून जमिनीवर जो काही डॉप्लर उरतो तो सगळा उपकरणाचा दोष. सेंटिनेल-१ चा नेहमीचा पट्टा २५० किलोमीटर रुंद आहे. एकाच दृश्यात बेळगावचं पठारही येतं आणि वेंगुर्ल्यापुढचा दीडेकशे किलोमीटर समुद्रही. पठारावरचा डॉप्लर काढा आणि तोच समुद्रातून वजा करा. भर समुद्रात काम करणाऱ्याला ही सोय नाही.

पण जमीन निवडताना घाटाची कडा टाळा. चोर्ला, तिळारी, आंबोलीकडचे उभे उतार रडारला कुठे झगझगीत, कुठे काळे दिसतात. तेजस्वितेत असा एकदम बदल झाला की डॉप्लरचा अंदाजही ओढला जातो. बेळगाव, हुक्केरी, बैलहोंगलकडची सपाट शेती उत्तम. त्याच कारणाने किनाऱ्यालगतचं काही किलोमीटर पाणीही सोडून द्यावं लागतं. तिथे उजळ जमीन आणि काळं पाणी हिशेबाच्या एकाच चौकोनात येतं.

डॉप्लर वजा केला, शून्य लावलं. आता उरला तो प्रवाह ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

जुलैत राकसकोपच्या काठावर उभे राहा. पश्चिमेचा वारा सुटला की तलावावर बारीक लहरी सरसर धावत असतात. पाणी वाहतंय का? नाही, ते धरणात अडवलेलं आहे. पण रडारला दिसतात त्या लहरीच. ५.५५ सेंटिमीटरच्या रडारला ३५ अंशांवर सुमारे ४.८ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा प्रतिध्वनी सगळ्यात जोरात येतो आणि या चिमुकल्या लहरी स्वतःच २९ सेंमी/से वेगाने पळतात. त्याखाली मोठ्या लाटांच्या पाठी. लाटेची रडारकडची बाजू जास्त उजळ दिसते, तिथलं पाणी विशिष्ट दिशेने हलत असतं, आणि सरासरी तिकडे झुकते. या दोन्हींची बेरीज सहज प्रवाहाच्या कित्येक पट होते. ७ मी/से वारा नजरेच्या रेषेत असेल तर लाटांमुळेच एक ते दोन मी/से वेग दिसू शकतो. रडारचा आकडा जसाच्या तसा घेतला तर राकसकोपसुद्धा वाहती नदी ठरेल.

हा भाग काढण्यासाठी वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, आपतन कोन आणि ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) यांवर आधारलेली प्रारूपं वापरतात. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहाच्या डेटावरून बेतलेलं सीडॉप हे त्यांतलं प्रसिद्ध. एन्व्हिसॅटच्या डॉप्लरमधून समुद्राचा पृष्ठवेग काढता येतो हे शाप्रों, कोलार आणि आर्दुअँ यांनी २००५ मध्ये दाखवलं. लाटांचा वाटा किती मोठा आहे हेही त्यातूनच पुढे आलं. वाऱ्याच्या वेगात एक मी/से चूक झाली तर प्रवाहात २०-३० सेंमी/से चूक धरून चाला. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाहच तेवढे असतात.

सकाळचं दृश्य घ्यावं की संध्याकाळचं?

आपल्या किनाऱ्यासाठी सकाळचं. कारणं दोन.

सेंटिनेल-१ आपल्यावरून साधारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. जानेवारी ते एप्रिल दुपारनंतर खारे वारे जोरात असतात आणि संध्याकाळी सहालाही पूर्ण निवलेले नसतात. सकाळी मतलई वारे मंद. वारा कमी, तर वजा करायचा भागही कमी.

दुसरं कारण दिशेचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. रडार फक्त आपल्या नजरेच्या रेषेतला वेग मोजतं. आडव्या दिशेने पाणी कितीही पळालं तरी त्याला ते थांबलेलंच. कारवार ते वेंगुर्ला किनारा उत्तरेपासून सुमारे २५ अंश पश्चिमेला कललेला आहे आणि मुख्य प्रवाह किनाऱ्याला समांतर. संध्याकाळी उपग्रह उत्तरेकडे चढताना पूर्व-ईशान्येकडे बघतो. त्या रेषेत किनारी प्रवाहाचा फक्त पाचवा हिस्सा येतो. सकाळी दक्षिणेकडे उतरताना तो पश्चिम-वायव्येकडे बघतो आणि सुमारे साठ टक्के पकडतो. प्रवाह ३० सेंमी/से असेल तर संध्याकाळी सहा-सात दिसतील, सकाळी अठरा. सहा-सात तर गोंधळातच बुडतात.

दोन्ही वेळांची दृश्यं जोडून पूर्ण दिशा काढावी असं वाटतं. पण मध्ये किमान बारा तास, बऱ्याचदा काही दिवस गेलेले असतात आणि भरतीचा प्रवाह तेवढ्यात उलटतो. महिन्याच्या सरासरीला चालेल, एका दिवसाच्या नकाशाला नाही.

एका दृश्यावर काम कसं करायचं, पायरी पायरीने सांगा.

युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या डेटा स्पेस संकेतस्थळावर फुकट खातं काढा आणि सेंटिनेल-१ चं दुसऱ्या पातळीचं ‘ओसीएन’ उत्पादन शोधा. कच्ची एसएलसी फाईल काही जीबीची असते, सुरुवातीला ती नको. ओसीएनच्या नेटसीडीएफ फायलीत तीन भाग असतात : वारा, लाटा आणि त्रिज्य वेग, म्हणजे आरव्हीएल. युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप सॉफ्टवेअर किंवा पायथॉनचं एक्सअॅरे, दोन्हींत ती उघडते. सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो.

आरव्हीएलमधला तयार ‘वेग’ थेट वापरू नका. मोजलेला डॉप्लर, भूमितीचा डॉप्लर (उपग्रहाच्या चालीमुळे येणारा), आपतन कोन आणि जमिनीची खूण, एवढी क्षेत्रं काढून घ्या. मोजलेल्यातून भूमितीचा वजा करा. समजा समुद्रावर एका चौकोनात ३१ हर्ट्झ उरले. आता बेळगावच्या पठारावरची सरासरी पाहा, समजा १२. उरले १९. पट्टा तीन उपपट्ट्यांनी बनलेला असतो आणि प्रत्येकाचा दोष वेगळा असू शकतो, म्हणून जमिनीची सरासरी शक्यतो त्याच उपपट्ट्यातली घ्या. नाहीतर नकाशावर उभी पायरी दिसेल. आडवे पट्टेपट्टे दिसले तर तो तुकड्या-तुकड्याने स्कॅन करण्याचा परिणाम, समुद्राचा नव्हे.

मग वारा. त्याच फायलीत वारा असतो, पण तो त्याच प्रतिमेच्या उजळपणावरून काढलेला. दिशा तर बाहेरच्या हवामान प्रारूपातून घेतलेली. सीडॉपमध्ये घालून लाटांचा वाटा काढा, समजा १४ हर्ट्झ. उरले ५. गुणिले ४.८, म्हणजे २४ सेंमी/से, नजरेच्या रेषेत. हर्ट्झचे तीन इकडे-तिकडे झाले तरी १५ सेंमी/सेचा फरक, तेव्हा उत्तर ‘२४, अधिक-उणे १५’ असं लिहा. नुसतं २४ लिहिलेला तक्ता परीक्षकाने परत पाठवला तर त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

चिन्हाची खात्री करून घ्या. काही उत्पादनांत रडारपासून दूर जाणारा वेग धन असतो, काहींत उलट. युक्ती सोपी : जोराच्या वाऱ्याचा दिवस घ्या. लाटांचा वाटा वजा करण्याआधीचा वेग वाऱ्याच्या दिशेनेच यायला हवा. उलट आला तर चिन्ह फिरवा.

मुरगाव आणि कारवार बंदरांबाहेर नांगरलेली जहाजं झाकायला विसरू नका. एक मोठं जहाज अख्ख्या चौकोनाची सरासरी बिघडवतं.

‘अलाँग-ट्रॅक इंटरफेरोमेट्री’ वेगळी असते का?

हो. यात एका मागे एक अशा दोन अँटेना तीच जागा काही मिलिसेकंदांच्या अंतराने बघतात आणि तेवढ्यात पृष्ठभाग किती सरकला ते कलेच्या फरकावरून काढतात. गोल्डस्टाइन आणि झेबकर यांनी १९८७ मध्ये विमानावरून हे करून दाखवलं. फेब्रुवारी २००० मधल्या एसआरटीएम अवकाशयान मोहिमेतल्या अँटेनांमध्ये मार्गाच्या दिशेने ७ मीटरचं अंतर होतं, त्यातूनही प्रवाह काढले गेले. जर्मनीचे टेरासार-एक्स (२००७) आणि टॅनडेम-एक्स (२०१०) ही जोडी याला उत्तम. अंतर फार कमी तर फरक मोजण्याइतका पडत नाही. फार जास्त तर तेवढ्या वेळात लहरीच बदलून जातात. म्हणजे अंतर बेताचं लागतं आणि दोन उपग्रह तसे सतत ठेवणं महागाचं.

हलणाऱ्या वस्तूंचं रडार काय करतं ते पाहायचं असेल तर लोंढ्याहून कॅसलरॉककडे साठच्या वेगाने जाणारी गाडी डोळ्यांपुढे आणा. तिचा वेग नजरेच्या रेषेत असला की प्रतिमेत ती रुळांपासून सुमारे एक किलोमीटर बाजूला दिसते. रूळ जागेवर, गाडी रानात!

ढग आणि पाऊस असताना चालतं का?

ढग असताना चालतं, रात्रीही चालतं. मुसळधार पावसात नाही. थेंबांच्या माऱ्याने पृष्ठभाग फुटतो आणि वाऱ्याचा हिशेब बिघडतो. वारा दोन-तीन मी/सेच्या खाली गेला तरी अडचण : पाणी आरसा होतं आणि तिरक्या रडारकडे काही परतच येत नाही. तेलाचा तवंगही तसाच काळा दिसतो.

हा वेग किती खोलीवरचा?

डॉप्लरचा, वरच्या काही सेंटिमीटरचा. अल्टिमीटरचा, वाऱ्याने ढकललेल्या थराखालच्या पाण्याचा. समुद्रात सोडलेल्या तरंगत्या बोयांचं कापडी शेपूट १५ मीटर खोल असतं, म्हणजे त्या तिथला प्रवाह सांगतात. तिन्ही जुळले नाहीत तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. ऑस्करसारखे तयार नकाशे अल्टिमीटर आणि वारा एकत्र करून वरच्या ३० मीटरची सरासरी देतात.

आपल्या किनाऱ्यावर कधी, काय दिसायला हवं?

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे. उजव्या हाताला पाणी उंच हा नियम लावा : हिवाळ्यात किनाऱ्याशी पातळी वर, पावसाळ्यात खाली. इतका पाऊस पडत असताना समुद्राची पातळी खाली, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पावसाळ्यात खालचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं तेही याच काळात.

खानापूरकरांना आवडेल अशी एक गोष्ट. कणकुंबीच्या परिसरात पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. म्हादईत पडला तर पणजीला अरबी समुद्रात, मलप्रभेत पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. पण हिवाळ्यात उपसागराचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येतं आणि हाच उत्तरवाही प्रवाह त्याला वर आणतो. मलप्रभेचे तेच थेंब गोव्याला पोचतात असं कुणी म्हणत नाही, पण वाट आहे.

मासेमारीच्या सूचना यावरूनच देतात का?

नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना देते ती मुख्यतः पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून. तो प्रकाशाचा आणि उष्णतेचा डेटा, म्हणून ढगाळ दिवसांत तो तुटतो. हरवलेली होडी किंवा तेल कुठे वाहत जाईल याचा अंदाज काढताना मात्र प्रवाह लागतोच. तेलाचा ढोबळ नियम : प्रवाहाचा वेग, अधिक वाऱ्याच्या वेगाचे सुमारे तीन टक्के.

पडताळणी कशाशी करायची?

तरंगत्या बोयांशी, नाहीतर किनाऱ्यावरच्या एचएफ रडारशी. हे रडार मीटरभराहून किती तरी लांब लहरी वापरतं आणि शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत तासागणिक प्रवाह देतं. भारतात अशा जोड्या गुजरात, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमानच्या किनाऱ्यांवर बसवल्या आहेत. पद्धत पक्की करायची असेल तर आधी तिथलं दृश्य घेऊन पाहा, मग कारवारकडे या.

भारताचे उपग्रह यात कुठे आहेत?

ओशनसॅट-२ (२००९) आणि स्कॅटसॅट-१ (२०१६) यांवरच्या स्कॅटरोमीटरांनी वारा मोजला, त्यांच्यानंतरचं स्कॅटरोमीटर ईओएस-०६ (२०२२) वर आहे, आणि लाटांचा वाटा वजा करायला वारा लागतो हे वर आलंच. ईओएस-०४ (२०२२) वर सी-पट्ट्याचं रडार आहे. ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसारवर एल आणि एस अशी दोन पट्ट्यांची रडारं आहेत. पण त्याचं मुख्य काम जमीन, बर्फ आणि जंगल. एल-पट्ट्याची तरंगलांबी २४ सेंटिमीटर, म्हणजे तिथे एक हर्ट्झची चूक २१ सेंमी/सेला पडते.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी यातलं काय घ्यावं?

पदवीला असाल तर अल्टिमीटर. कोपर्निकस मरीनवरून अरबी समुद्राचा एका वर्षाचा दैनिक डेटा उतरवा, १४ ते १६ अंश अक्षांशांचा पट्टा कापा आणि जानेवारी-जुलैची तुलना करा. प्रवाह उलटलेला दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर उंचीचं क्षेत्र चुकलं आहे, वर जिऑइडच्या उत्तरात पाहा.

अभियांत्रिकीला शेवटच्या वर्षाला असाल आणि डॉप्लरच करायचा असेल तर प्रवाह मोजण्याचं उद्दिष्ट आधी ठेवू नका. सकाळची वीस दृश्यं घ्या आणि प्रत्येकात फक्त बेळगावच्या पठारावरचा डॉप्लर काढा. तो शून्याच्या किती आसपास येतो, उपपट्ट्यागणिक कसा बदलतो, ऋतूप्रमाणे सरकतो का, एवढ्यावर एक सेमिस्टर सहज जातं.